साहेब, एकदा गाळालाही विचारा

प्रति,
ठाणे खाडीच्या पाण्याचे नमुने घेणारे आणि खाडीतला गाळ उपसण्याच्या परवानग्या देणारे सर्व अधिकारी

विषय : खाडीच्या गाळाची, त्यात राहणाऱ्या जिवांवरून चाचणी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

सरकारी अर्जाची भाषा मला येत नाही असं नाही. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना रजेपासून बीकरपर्यंत सगळं अर्जावरच मागितलं. पण गेल्या वर्षी केलेल्या एका अर्जाला जे उत्तर आलं, त्यामुळे हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. मी विचारलं होतं, आमच्या गावच्या धक्क्यासमोरचा गाळ काढणार असं ऐकतो, तो काढण्याआधी विषारी आहे की नाही हे पाहिलं का? दोन ओळींचं उत्तर आलं : खाडीच्या पाण्याचे नमुने नियमित तपासले जातात. जावक क्रमांक होता, सही होती, शिक्काही ठळक होता. मी चिखलाचं विचारलं होतं, उत्तर पाण्याचं आलं.

त्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्या छापील तक्त्यात चिखलाचा रकानाच नसेल, तर ते तरी काय लिहिणार? माझं म्हणणं त्या रकान्याबद्दलच आहे.

माझी आई या खाडीत शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. सुकती लागली की पाटी घेऊन गुडघाभर चिखलात उतरायची आणि भरतीचं पाणी घोट्याला लागलं की वर यायची. कुठला चिखल चांगला, कुठला वाईट, हे ती पायाच्या तळव्याने ओळखायची. रबाळ्याच्या बाजूच्या एका नाल्याच्या तोंडाशी ती कधी थांबत नसे. म्हणायची, "इथला चिखल चावतो." घरी येऊन पाय खोबरेल तेलाने चोळत बसायची. पुढे मी एमएस्सीला जैवचाचणी, म्हणजे जिवंत प्राण्यावरून विष ओळखणं, नावाचं प्रकरण शिकले, तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरातली पहिली जैवचाचणी आईच्याच पायांवर झाली होती. फरक इतकाच की प्रयोगाचा प्राणी स्वतःच नोंद ठेवत होता, आणि ती नोंद कुणी मागितली नाही.

आता मुद्द्याचं. ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. दक्षिणेचं तोंड मुंबई बंदराकडे रुंद उघडं, आणि उत्तरेला ठाण्यापाशी ती इतकी अरुंद नि उथळ होते की उल्हास नदीशी तिचं नातं एका चिंचोळ्या वाटेपुरतं उरतं. पावसाळ्याचे महिने सोडले तर वरून गोडं पाणी नावापुरतं. भरती पाणी आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. पाणी येतं-जातं, पण बारीक माती बरीचशी तिथेच बसते. शिसं, तांबं, जस्त, पारा, तेलाचे चिकट अंश यांना पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा मातीच्या कणाला चिकटणं सोयीचं असतं. कण बारीक असेल तेवढी चिकटायला जागा जास्त, आणि आमच्या खाडीचा चिखल हातावर घेतला तर पिठीसारखा लागतो. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आहेत, दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी आहे. खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ सालीच शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला होता. तेव्हा मी शाळेत होते, आणि आमच्याकडे चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण रविवारी हमखास व्हायचं.

म्हणजे पाण्याची बाटली भरून नेली की तुम्हाला कळतं ते त्या दिवसाचं, किंबहुना त्या भरतीचं. सांडपाण्याचा नळ बंद झाला, कारखाना स्थलांतरित झाला, नियम कडक झाले, तर पाणी काही वर्षांत सुधारतं. गाळाचं तसं नाही. जपानच्या मिनामाटा उपसागरात, जिथले मासे खाऊन माणसं पाऱ्याने दगावली, कारखान्याचं पारायुक्त पाणी सोडणं १९६८ ला थांबलं, तरी तळातला गाळ उपसून, एक भाग बांधून काढून त्यात भरण्याचं काम १९७७ ला सुरू झालं आणि १९९० पर्यंत चाललं. त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. आपली खाडी म्हणजे मिनामाटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पाणी स्वच्छ झालं म्हणून तळ स्वच्छ झाला असं होत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं.

आपल्या कायद्याला जिवंत प्राण्याची साक्ष अमान्य आहे असंही नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतली सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं काढून बघा. त्यात एक ओळ अशी आहे की न मिसळलेल्या, शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. नदीत सोडा, गटारात सोडा, समुद्रात सोडा, अट तीच. मला ही ओळ फार आवडते. धातू, क्षार, रंग यांच्या लांबलचक यादीत कुणीतरी शहाण्या माणसाने लिहून ठेवलं की बाबांनो, शेवटी एकदा माशालाही विचारा. पण त्याच नियमांत किनाऱ्याच्या पाण्याचे जे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे वर्ग आहेत, त्यांच्या निकषांत सामू, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, जीवाणू, बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते ते) असं सगळं पाण्याचं आहे. तळाचा गाळ विषारी आहे का, याबद्दल अक्षर नाही. पाइपातून बाहेर पडताना माशाची साक्ष, आणि तीच घाण तळाशी बसून वीस वर्षं झाली की साक्षीदार नको.

तुम्ही म्हणाल, गाळातले धातू तर मोजतातच, विद्यापीठांत त्यावर प्रबंध होतात. होतात, आणि मीही त्यातले काही वाचले आहेत. पण आकडा सांगतो की गाळात काय आहे. ते कुणाला किती लागतं, हे आकडा सांगत नाही. आमच्या खाडीचा चिखल खणला की हातभर खाली काळाकुट्ट निघतो, कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास सल्फाइडचा. हे सल्फाइड कॅडमियम, तांबं, निकेल, शिसं, जस्त यांना असं धरून ठेवतं की प्राण्याच्या अंगाला ते लागतच नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेत आम्लात उकळून काढलेला आकडा भीतीदायक असू शकतो आणि त्याच चिखलात जीव सुखाने राहत असू शकतो. उलटही होतं. प्रत्येक धातू मर्यादेच्या आत असतो, पण पाचसहा जण मिळून, वर कुठलं तरी कीटकनाशक आणि तेल, असं एकत्र आलं की प्राणी मरतो. यादीत ज्या रसायनाचं नावच नाही, ते मोजायचं कसं? प्राण्याला यादी लागत नाही.

म्हणून जगात ही चाचणी रुजली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉनला, रिचर्ड स्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. प्राणी निवडला अँफिपॉड. कोलंबीचा लांबचा नातेवाईक, तांदळाच्या दाण्याएवढा, बाजूने चपटा, वाकडा. तिवराच्या झाडाखालची कुजलेली पानं उचलली तर उड्या मारत पळणारे जे बारीक जीव दिसतात, ते त्याच कुळातले. चाचणीतला अँफिपॉड गाळात घर करतो, गाळातच खातो, फार लांब पोहून जात नाही, आणि घाण वाढली की तळातून नाहीसे होणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत असतो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या चाचणीची पुस्तिका काढली, त्यात अशा चार जातींची नावं आहेत.

पद्धत ऐका, कारण ती ऐकल्यावर खर्चाचं आणि यंत्रांचं कारण फारसं टिकत नाही. एक लिटरचं काचेचं भांडं. तळाला दोन सेंटिमीटर गाळ, वर साधारण ८०० मिलिलिटर स्वच्छ खारं पाणी. रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी त्यात वीस अँफिपॉड सोडायचे. निरोगी प्राणी लगेच गाळात शिरतो. जो वरच घुटमळतो, त्याने पहिल्या तासातच काहीतरी सांगितलेलं असतं. हवेची नळी हळू चालू ठेवायची, दिवा चोवीस तास लावून ठेवायचा म्हणजे तो गाळ सोडून वर येत नाही. खायला घालायचं नाही. दहा दिवसांनी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ गाळायचा आणि जिवंत किती ते मोजायचं. एका ठिकाणच्या गाळाची अशी पाच भांडी लावली की प्राणी बरोबर शंभर होतात, टक्केवारी काढायला गणकयंत्रही नको.

आणि या सगळ्याच्या शेजारी, स्वच्छ ठिकाणच्या गाळाची पाच भांडी. त्यांना नियंत्रण म्हणतात. त्यातले किमान ९० टक्के जगले नाहीत, तर अख्खी चाचणी रद्द. हे मी पुस्तकातून शिकवत होते, पण शिकले अपघातातून. निवृत्तीच्या आधी तीनेक वर्षं, तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर आम्ही खाडीकाठचे अँफिपॉड पकडून असा प्रयोग लावला. माझी कल्पना अशी की नाल्याच्या तोंडाजवळचे मरतील, दूरचे जगतील आणि मुलं थक्क होतील. सहाव्या दिवशी सगळ्या भांड्यांतले सगळे प्राणी मेले. नियंत्रणातलेसुद्धा. चौकशी केली तर कळलं, एका कष्टाळू मुलाने आटलेलं पाणी भरून काढायला नळाचं पाणी घातलं होतं, क्लोरीनसकट. तो बिचारा दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. आमच्या त्या प्रयोगाने खाडीबद्दल काहीच सिद्ध केलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी "प्राध्यापिकेने खाडी विषारी ठरवली" असा मजकूर फिरवायचं. मात्र नियंत्रणाची भांडी नसती, तर आम्ही तो दोष खाडीवर टाकून मोकळे झालो असतो. म्हणूनच उद्या तुमचा अहवाल आला, तर मी सर्वांत आधी नियंत्रणाचा आकडा बघणार आहे.

या चाचणीला फसवणाऱ्या गोष्टी आपल्या खाडीत भरपूर आहेत, त्याही लिहून टाकते, कारण घाईने केलेली चाचणी न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट. सांडपाण्याच्या गाळात अमोनिया असतो, तोच प्राणी मारतो आणि नाव धातूंचं होतं. म्हणून गाळाच्या कणांमधल्या पाण्यातला अमोनिया आणि सल्फाइड आधी मोजायला हवेत. गाळ फारच बारीक असेल तर वाळूत राहणारी जात केवळ त्या पिठीने घुसमटते. खारटपणाचं तर विचारू नका, मे महिन्यात एक खाडी आणि जुलैत दुसरीच. आणि तापमान. ओरेगॉनच्या त्या मूळ जातीची चाचणी १५ अंशांना करतात. तिला विमानाने ऐरोलीत आणलं तर ती गाळाने नव्हे, आपल्या उकाड्याने मरेल. आपल्याला आपलेच प्राणी लागतील : कोकणच्या खाड्यांत सापडणारे, २८-३० अंशांत आणि कमीजास्त खारटपणात टिकणारे अँफिपॉड, गाळातले बहुरोमी कृमी, कालवांच्या नि शिनाण्यांच्या अळ्या. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, अंधेरीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. माणसं रेल्वेच्या अंतरावर आहेत, बोलवायचं तेवढं राहिलं आहे.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : खाडी इतकी वाईट असती तर फ्लेमिंगो कशाला आले असते? २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, ऐरोलीहून बोटी भरून लोक बघायला जातात. मीही नातवाला घेऊन जाते, आणि ओहोटीच्या वेळी तो गुलाबी पट्टा दिसला की मलाही सगळं विसरायला होतं. पण लहान फ्लेमिंगो मुख्यतः नीलहरित शैवालावर जगतो, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल चांगलं पोसतं. पक्षी येतात याचा अर्थ चिखलात त्यांचं जेवण आहे, त्या जेवणात काय आहे हे पक्षी बोलत नाही. तीच गोष्ट किड्यांची. "चिखलात वळवळ तर आहे ना" म्हणून भागत नाही. कॅपिटेला नावाचा कृमी आहे, तो घाणीतच माजतो. बाकीचे शेजारी गेले की सगळी जागा त्याची. त्यामुळे कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे मोजणं जास्त महत्त्वाचं.

एडवर्ड लाँग आणि पीटर चॅपमन या दोघांनी १९८५ मध्ये याचं फार सोपं गणित मांडलं. रसायनं मोजा, प्राण्यांवर चाचणी करा, आणि त्या जागी प्रत्यक्ष कोणते जीव राहतात ते मोजा. तिन्ही एकाच दिवशी, एकाच ठिकाणच्या गाळातून. तिघांनीही वाईट म्हटलं तर वाद संपला. रसायनं भरपूर पण प्राणी मजेत, तर विष बांधलेलं आहे. प्राणी मरतात पण रसायनांची यादी निर्दोष, तर यादीत नसलेलं काहीतरी आहे, शोधा. मला तुमच्याकडून हेच त्रिकूट हवं आहे, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

पण घाई ज्याची आहे ते वेगळंच. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. जेट्ट्या होतील, बोटी चालतील. माझा त्याला विरोध नाही. आमच्या गावातल्या पोरांना त्यात काम मिळालं तर चांगलंच, आणि गाळ इतका चढलाय की सुकतीला होड्या धक्क्याला लागत नाहीत, ही तर आमचीच तक्रार आहे. पण बोटींना खोली हवी म्हणजे गाळ उपसणं आलं, आणि वर मी लिहिलेलं सल्फाइड इथे आठवा. तो काळा चिखल खाली, हवेवाचून होता तोवर त्याने धातू धरून ठेवले होते. ड्रेजरने तो ढवळून वर आणला, प्राणवायू लागला, की सल्फाइडची पकड सुटते. जो गाळ जागेवर निरुपद्रवी होता, तोच टाकल्या जागी घातक ठरू शकतो. खाजणात टाकला तर तिवराच्या मुळाशी, भर समुद्रात टाकला तर डोळीच्या जाळ्यांखाली.

यासाठीही चाचणी आहे, आणि तीही जुनीच. एक भाग गाळ, चार भाग पाणी, अर्धा तास ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं आणि वरच्या पाण्यात कालवांच्या किंवा शिनाण्यांच्या फलित अंड्यांना वाढू द्यायचं. साधारण ४८ तासांत चांगल्या पाण्यातली अळी स्वतःला कवच करून घेते, इंग्रजी डी अक्षरासारखं, एक कड सरळ असलेलं. पाणी बिघडलेलं असेल तर ते कवच वेडंवाकडं होतं किंवा होतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. अमेरिकेत समुद्रात गाळ टाकायची परवानगी मागणाऱ्याला १९७० च्या दशकापासून अशा जैवचाचण्या कराव्या लागतात. परवानगी मागणारा खर्च करतो, परवानगी देणारा निकाल बघतो. इथेही तसंच करता येईल. जलमार्गाच्या, जेट्टीच्या, पुलाच्या, कुठल्याही उपशाच्या परवानगीच्या कागदावर दोन ओळी वाढवा : जागच्या गाळाची दहा दिवसांची चाचणी आणि ढवळलेल्या पाण्याची अळ्यांवरची चाचणी, दोन्हींचे निकाल जोडल्याशिवाय ड्रेजर हलणार नाही. मानकं ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही. नियंत्रणाशी तुलना करायला कुठल्याही राजपत्राची गरज नसते.

आणि निकाल आला की तो फाइलीत ठेवू नका. आमच्या धक्क्यावर एक फळा आहे, त्यावर सध्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि सार्वजनिक पूजेची वर्गणी लिहितात. तिथे मराठीत लावा : अमक्या ठिकाणच्या गाळात शंभरातले इतके जगले, स्वच्छ गाळात इतके. पाग टाकणाऱ्याला आणि चिंबोऱ्या धरणाऱ्याला एवढं वाचून कुठे उतरायचं ते कळतं. बीओडीचा आकडा वाचून कळत नाही.

महाविद्यालयांची मदत घ्या, असंही सुचवते. ठाणे, वाशी, ऐरोलीत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, मुलं आहेत, काचेची भांडी आहेत. कायद्याला लागणारा निकाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच यावा, ते बरोबर. पण खाडीभर पन्नास ठिकाणांची प्राथमिक चाळणी मुलं हौसेने करतील. त्या नळाच्या पाण्याच्या मुलाचा परवा फोन आला होता. तो आता एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासतो. म्हणाला, मॅडम, अजूनही कुठलाही रिपोर्ट आला की मी आधी कंट्रोल बघतो.

माझा पहिला अर्ज तुमच्याकडे आहेच. त्याच्यासोबत धक्क्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला होता, त्यावर तीन जागांना फुल्या आहेत : नाल्याचं तोंड, धक्क्याचं टोक, आणि तिवरांच्या पलीकडची आईची शिवल्यांची जागा. तिथून सुरुवात करायला हरकत नसावी. अमावास्येच्या सुकतीला तिन्ही जागा उघड्या पडतात, जेमतेम दोन तास मिळतात, म्हणून वेळेवर यावं लागेल. गमबूट चिखलात रुततात, अनवाणीच उतरावं लागतं. चाळणी आणि बादल्या माझ्याकडे आहेत.

आपली,
खाडीकाठची एक निवृत्त शिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई